काबरी ‘जाते’ म्हणत नाही

“खोका,” हेडफोनमधून पायलचा आवाज आला. “भाबी, नुसतं खोकायचं. म्हातारं माणूस खोकतं तसं.”

“आगं, एकसष्ट वर्सांची बाई तुज्यापुढं बसलीया. तिनं कसंबी खोकलं तरी म्हातारीचंच खोकणं हाय की ते!”

एरवी असल्या बोलण्यावर काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला नाथाजी फिदीफिदी हसला असता. आज तो मान खाली घालून मशिनच्या बटणांशी चाळा करत बसला. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी महेजबीन मणेर. कराडच्या मंडईजवळ माझं बांगड्यांचं दुकान आहे. पंधरा वर्षांपूर्वी दादासो नावाचा माणूस बहिणीला बांगड्या भरायला घेऊन आला आणि माझी एका गिऱ्हाइकाशी चाललेली हुज्जत ऐकत तासभर उभाच राहिला. सांगलीत तो ‘डोंगरपोरं’ नावाचा कार्टूनचा सिनेमा काढत होता. चार उनाड करडं आणि त्यांना वळण लावणारी काबरी नावाची म्हातारी शेळी. “काबरीचा आवाज तुमीच द्यायचा,” म्हणाला. पाच भाग झाले त्याचे. आता बांगड्या भरताना कुणाची पोर रडायला लागली की मी काबरीच्या आवाजात एकदा दटावते, की ती मुकाट्यानं हात पुढं करते.

खरं सांगायचं तर तो आवाज माझा नाहीच. तो माझ्या अम्माचा. कोयनानगरच्या वसाहतीत आणि त्या अंगाच्या वाड्यावस्त्यांवर अम्मा डोक्यावर बांगड्यांचा हारा घेऊन फिरायची. घरात आम्ही दखनी बोलतो, पण उंबऱ्या-उंबऱ्यावर ती गावच्या बायकांसारखीच बोलायची. ती जाऊन वीस वर्षं झाली. हेडफोन कानाला लावला की ती माझ्या घशात येऊन बसते. तेवढ्यासाठी मी कराडहून एसटीनं हाडं खिळखिळी करत सांगलीला येते.

पण हा सहावा भाग मला पहिल्यापासून धड वाटत नव्हता. दादासो पुण्याच्या मोठ्या ऑफिसात गेला आणि फोन उचलेनासा झाला. त्याच्या जागी ही पायल आली. आधीच्या पाचही भागांना अख्खी गोष्ट घरी यायची, माझी नात नूरीन ती मोठ्यानं वाचून दाखवायची. या वेळी इथं आल्यावर सुटे कागद हातात, आणि वाचून झाले की लगेच परत! गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून, म्हणे. जशी काही मी मंडईत उभी राहून दवंडीच पिटणार होते. सकाळी डबा भरताना आमचे कुतुबुद्दीन म्हणाले होते, “दुसरी बाई देखे होंगे. तेरेसे नमुना लेके छोड देंगे.” त्यांना मी झिडकारलं खरं, पण एसटीत ते वाक्य इस्लामपूरपर्यंत माझ्या शेजारच्या सीटवर बसून होतं.

म्हणून मी बारीक नजर ठेवून होते. खुंटीवर कुणाची ओढणी टांगलीय का, टेबलावर चौथा कप कशाला, सगळं पाहिलं. चहाला पायल फोनवर बोलत बाहेर गेली, तशी मी नाथाजीला गाठलं.

“दुसरी कोण बाई आलीवती व्हय रं आवाज द्यायला?”

“न्हाई वो भाबी. आईशप्पत न्हाई.”

“मंग सकाळधरनं माज्या डोळ्याला डोळा का भिडवंना झालायस?”

“आवं, पायलताईंस्नीच इचारा की,” म्हणाला आणि माझ्या हाताचा रुमाल उगाचच पुन्हा नीट करायला लागला.

हा रुमाल आमचा जुना. काचेच्या बांगड्या माइकपुढं किणकिणतात. बाकीच्या बायका काढून ठेवतात. नवरा जिता असताना हात मोकळे करायचे, हे माझ्याच्यानं होत नाही. म्हणून पहिल्या भागापासून नाथाजी माझ्या दोन्ही हातांच्या बांगड्यांवर लाल रुमाल गुंडाळतो आणि काम झालं की ते रुमाल स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवतो.

चहानंतर पायलनं शेवटचा कागद दिला. एकच ओळ होती. मी डोळे मिटून अम्माला घशात बोलावलं आणि म्हटलं, “येते रं लेकरांनो. भांडू नगासा.”

“भाबी, ‘येते’ नाही. ‘जाते’ लिहिलंय.”

“चुकलंय ते. दुरुस्त कर.”

“चुकलेलं नाही,” पायल म्हणाली.

नाथाजीनं मशिन बंद केलं. मी त्या कागदाकडे बघत राहिले. आम्ही बांगडीवाल्या. बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही, वाढली म्हणतो. संध्याकाळी दुकान बंद करत नाही, वाढवतो. कुणाच्या दारातून निघताना ‘येते’च म्हणतो, मग पुन्हा त्या दाराचं तोंड बघायचं नसलं तरी. चाळीस वर्षं माझी जीभ या वळणावर चाललीय. तिला ‘जाते’चा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“काबरी मरतीया व्हय गं?”

पायल काचेमागून उठून आत आली आणि माझ्यापुढं खाली बसली. “हो. सातव्या भागात ती नाही.”

मला रडू नाही आलं, संताप आला. “आगं, कार्टून हाय न्हवं हे? पाच भागांत त्या कोल्ह्याला कड्यावरनं किती डाव ढकलला, चपाती झाली त्याची! मेला का त्यो? मराया माजीच शेळी बरी घावली तुमास्नी!”

“माझी आजी गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते,” पायल म्हणाली. “पारूबाई. कवठे महांकाळला असायची. मला कुणी धड सांगितलंच नाही. गावाला गेलीय, येईल, एवढंच. वर्षभर मी दाराकडं बघत होते भाबी. पोरांना कुणीतरी खरं सांगायला पाहिजे. म्हणून ‘जाते’.”

“आन् मला? मला नुसतं खोकाया लावलंस! तुज्या घरच्यांनी तुला जे केलं, तेच तू मला केलंस की!”

तिचा चेहरा खर्रकन उतरला. “दादासो म्हणाले, आधी सांगितलं तर भाबी यायच्याच नाहीत.”

ते मात्र खरं होतं. मी आले नसते.

मग मी तिला कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली. अम्मा दवाखान्यात शेवटच्या दिवशी कुणाला ओळखत नव्हती. मी हात धरून बसले होते. तिनं माझ्या बांगड्या चाचपल्या, बरोबर बसल्यात का ते बघितलं आणि म्हणाली, “येते गं माये.” मराठीत. मी तिची पोटची लेक, पण तिला वाटलं असेल, कुठल्यातरी दारात गिऱ्हाइकाला बांगड्या भरून ती निघालीय. डोक्यावर हारा घ्यायला हात वर केला तो तसाच राहिला.

“मरू दे काबरीला,” मी पायलला म्हटलं. “तुजी गोष्ट हाय, तू जाण. पोरास्नी खरं सांग, त्याला माजी ना न्हाई. पण काबरी ‘जाते’ म्हणायची न्हाई. ‘येते’ म्हणंल आन् येणार न्हाई. त्ये पोरास्नी कळतंय. तुला न्हाई का कळलं, वरीसभरानं का हुईना?”

पायलनं ओढणीनं नाक पुसलं आणि काचेपलीकडे गेली.

मी पुन्हा हेडफोन लावला. एकदाच म्हटलं. अम्मा आली, म्हणाली आणि गेली. हेडफोनमधून “ओके” आलंच नाही. काचेतून पाहिलं तर नाथाजी पाठमोरा उभा होता आणि पायलनं तोंडावर दोन्ही हात धरले होते.

निघताना मी हातांचे रुमाल सोडले. धुऊन धुऊन विटके झाले होते. घडी घालून पिशवीत टाकणार, तेवढ्यात नाथाजीनं हात पुढं केला.

“हितंच असू द्यात की भाबी. पुढच्या टायमाला लागत्याल.”

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. या वेळी त्यानं डोळ्याला डोळा दिला. मी रुमाल त्याच्या हातावर ठेवले, चपला घातल्या.

“येते रं नाथाजी.”

“या,” तो म्हणाला आणि ड्रॉवर उघडला.