जेवणाच्या घंटेतला चार

मित्रांनो, शेवटी मावशींना बस मिळाली. खिडकीजवळची जागासुद्धा मिळाली. पण हे तुम्ही ऐकलेलं नाही आणि मी सांगितलेलं नाही. मावशी अजून फाटकाशी पिशवी घेऊन उभ्या आहेत, बस यायची आहे, आणि काय होणार ते आपल्यापैकी कोणालाच माहीत नाही.

मी एक जुना चार आहे.

चार म्हणजे आकडा चार. आकडा जुना कसा होतो, असं तुम्ही विचाराल. मलाही ते नीट कळलेलं नाही. काल होतो तेवढाच आज आहे, ना कमी ना जास्त. तरी आतून थकल्यासारखं वाटतं खरं.

माझा जन्म मोज्यांच्या कारखान्यातल्या गोदामात झाला. तिथे संगणकावर मोज्यांची मोजदाद करायला एक मुलगी होती. तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून मोठे असलेलेही. ताईने एका दुपारी कीबोर्डवर बोट टेकवलं आणि मी पडद्यावर आलो. माझं पहिलं काम फार जबाबदारीचं होतं. जोडीदार हरवलेले मोजे किती, हे मी सांगायचो. चार. मी ते इतक्या ठामपणे सांगायचो की पाचवा सापडला तेव्हा ताईने तो परत खोक्यात टाकला.

मित्रांनो, मोज्यांच्या मोजदादीची एक गंमत आहे. तिथे क्रम लागत नाही. निळे किती, पिवळे किती, राखाडी किती, एवढं जुळलं की झालं. आधी निळा मोजला की आधी राखाडी, हे निळ्याला कळत नाही आणि राखाडीला त्याचं काही नसतं. ताई या कामात वाढली. हे लक्षात ठेवा. मी विसरलो तर मला आठवण करा.

कारखान्याच्या फाटकाजवळ एक खोली होती आणि तिच्या छपराखाली तीन घंटा टांगलेल्या होत्या. एकीवर सात रंगवलेला, एकीवर चार, एकीवर नऊ. बाकीच्या घंटा कुठे गेल्या हे कोणी विचारत नव्हतं. सातची बारीक, टिण. चारची मधली, टण. नऊची भारी, ठण्ण. या घंटा घंटेवाल्या मावशी दोऱ्या ओढून वाजवायच्या आणि सगळा कारखाना त्यांच्यावर चालायचा.

सात-सात-सात वाजली की आग. हातातलं टाकून अंगणात पळायचं. चार-चार-चार म्हणजे धोका टळला, सगळे आत या. नऊ-नऊ-नऊ म्हणजे कोणाची तरी ओढणी नाहीतर बाही मशीनमध्ये अडकली आहे. असाल तिथे, असाल तसे थिजून उभे राहा. हलायचं नाही. पुन्हा चार-चार-चार वाजेपर्यंत. आणि सात-चार-नऊ, सात-चार-नऊ, सात-चार-नऊ अशी गाण्यासारखी वाजली की जेवणाची सुट्टी.

ही शिस्त लोकांच्या अंगात इतकी भिनली होती की काही जणांना घरीसुद्धा सात-चार-नऊ गुणगुणल्याशिवाय घास उतरत नसे. नियमातून सुटका फक्त घंटेवालीला. तीच थिजली तर पुढची घंटा कोण वाजवणार?

मावशींचा खांदा दोऱ्या ओढून ओढून कामातून गेला होता. त्यात लेकीचे दिवस भरत आले होते. लेक राहायची दूरच्या गावी, आणि तिकडे जाणारी बस दिवसातून एकच, तीही बरोब्बर जेवणाच्या वेळेला. मावशी कितीदा साहेबांकडे गेल्या. साहेब दर वेळी म्हणायचे, "मावशी, तुम्ही गेलात की आम्ही जेवायचं कधी?"

हे ते टिंगलीने नाही, काळजीने विचारायचे. शेवटी ठरलं की घंटा संगणकावर चालवायच्या. प्रत्येक घंटेला विजेचा हातोडा बसवायचा आणि हुकूम ताईने लिहायचा. साहेबांनी कागदावर सही केली : मशीनने जेवणाची घंटा एकदा बरोबर वाजवली की मावशी त्याच क्षणी मोकळ्या. नाही वाजवली तर मावशींनी थांबायचं आणि मशीनचं पुढच्या महिन्यात बघायचं.

"पुढच्या महिन्यात बाळ चालायला लागेल हो साहेब," मावशी म्हणाल्या. असं काही झालं नसतं, पण साहेबांनी ते खरं मानलं आणि त्यांना वाईट वाटलं.

ताईने गोदामातली जुनी फाईल उघडली, त्यातलं सगळं खोडलं, फक्त मला ठेवलं. माझ्या एका बाजूला सात टाइप केला, दुसऱ्या बाजूला नऊ. अशा चौकटी कंसातल्या रांगेला संगणकवाले ॲरे म्हणतात. सात स्वभावाने उतावळा होता. नऊ फारसा बोलायचा नाही. कंसाबाहेरच्या सगळ्या बातम्या मला नऊनेच सांगितल्या. त्याला कोण सांगायचं, ते त्यालाही माहीत नव्हतं.

आता मित्रांनो, इथे जरा सावकाश वाचा, कारण मी स्वतः इथेच गोंधळलो. ताई ज्या भाषेत हुकूम लिहायची ती आकडेमोडीची भाषा होती. तिच्यात रिपीट नावाचा हुकूम आहे. रांग दिली आणि "तीन वेळा" म्हटलं की तो रांग वाढवून देतो. पण वाढवायच्या तऱ्हा दोन. आउटर म्हटलं तर अख्खी रांग पुन्हा पुन्हा मांडतो : सात चार नऊ, सात चार नऊ, सात चार नऊ. इनर म्हटलं तर एकेकाला जागच्या जागी वाढवतो : सात सात सात, चार चार चार, नऊ नऊ नऊ. दोन्हींत सात तीन, चार तीन, नऊही तीनच.

ताईने अंगणात उभं राहून जेवणाची घंटा नीट मोजली होती. सात तीनदा, चार तीनदा, नऊ तीनदा. तिने इनर लिहिलं.

डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मी तीन झालो.

माझ्या डावीकडे मी होतो. उजवीकडे मी होतो. मधे होता तोही बहुधा मीच. बहुधा म्हणतो, कारण हे आता तुम्हाला जो सांगतोय तो तेव्हा कुठे उभा होता, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

"आपल्यातला मूळ चार कोण?" मी विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"ते ठीक आहे, पण मूळ कोण?" मीच पुन्हा विचारलं.

डाव्याचं म्हणणं, तो सगळ्यात आधी, म्हणून तो. उजव्याचं म्हणणं, मूळ माणूस नेहमी मागे उभा राहतो. मधला म्हणाला, दोन्हीकडून आधार आहे तोच खरा. तिघांचंही मला पटलं, आणि त्यामुळे जास्तच पंचाईत झाली. मोज्यांचं बरं असतं. जोडीतला मूळ मोजा कोणता, असं मोजा कधी विचारत नाही. पण भांडता भांडता आम्हाला हरवलेले मोजे आठवले, तिघांनाही एकदम, आणि तेवढेच. तो पाचवा खोक्यात टाकल्याची खंत तिघांनाही होती. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच कोणी तरी मला अर्ध्या वाक्यात समजून घेत होतं.

चाचणी झाली नाही. घंटेची चाचणी घेता येत नाही; ती वाजली की लोक डबे उघडतात. म्हणून साहेबांनी पडद्यावरच मोजलं. "तीन, तीन आणि तीन. शाब्बास!" ही शाबासकी आम्हा सगळ्यांना मिळाली. मला ती तीनदा मिळाली.

ठरलेल्या दिवशी मावशी पिशवी घेऊन फाटकाशी उभ्या राहिल्या. समोर बस येऊन लागली. घंटांच्या खोलीत संगणकाशी बसलेल्या ताईने बोट उचललं आणि बटण दाबलं.

टिण, टिण, टिण.

सगळा कारखाना अंगणात पळाला. साहेब सगळ्यांच्या पुढे होते. आग कुठे आहे हे बघायला मान वळवतायत तोच टण, टण, टण. हे आम्ही. आम्ही जीव तोडून वाजलो. सगळे वळून आत निघाले. पुढचे उंबऱ्यात, मागचे पायरीवर, तेवढ्यात ठण्ण, ठण्ण, ठण्ण.

सगळे थिजले.

साहेबांचा एक पाय आत, एक बाहेर. हिशेबनीस शिंकायच्या बेतात होते, ते तसेच राहिले. ताईचं बोट बटणाच्या वर अधांतरी. आणि फाटकाबाहेर बसचा ड्रायव्हरही गिअरवर हात ठेवून पुतळा झाला. तो आधी इथेच पॅकिंगला होता. नोकरी सुटली तरी सवय सुटली नव्हती.

"अहो, निघा ना आता!" प्रवासी ओरडले.

"निघता येत नाही," ड्रायव्हर ओठ न हलवता म्हणाला. "कोणाची तरी बाही अडकलीय."

मावशी धावत खोलीत आल्या. "ताई, काय केलंस गं हे?"

"मावशी, मला हलता येत नाही," ताई बोट तसंच धरून म्हणाली. "पण हिशेब बरोबर आहे. तीन, तीन, तीन."

मावशींनी दुखऱ्या खांद्याने चारची दोरी तीनदा ओढली. कारखाना हलला. हिशेबनीस शिंकले. सगळे आत जाऊन मशीनवर बसले. ड्रायव्हरही बसमधून उतरला, फाटकातून आत आला आणि पॅकिंगच्या टेबलाशी जाऊन मोज्यांच्या जोड्या लावू लागला.

"अहो, तुम्ही कुठे?" त्याच्यामागे धावत आलेल्या कंडक्टरने विचारलं.

"आत या म्हणाली ना घंटा. आता जेवणाची झाल्याशिवाय कसा उठू? तू असा नुसता उभा काय राहतोस, राखाडी इकडे दे."

कंडक्टरने राखाडी दिले. त्याचाही गोंधळ उडाला होता.

मग प्रवासी खोलीच्या दाराशी जमले. "बाई, वाजवा हो ती जेवणाची घंटा. तुमच्या हातात तर दोरी आहे!"

दोरी होतीच हातात. पण मावशींनी जेवणाची घंटा हाताने वाजवली, तर ड्रायव्हर उठेल, बस जाईल, आणि मावशी राहतील. कागदावर मशीन लिहिलं होतं. साहेबही आले. "मावशी, वाजवा तुम्हीच," ते खालच्या आवाजात म्हणाले. "लोक उपाशी आहेत. मशीनचं पुढच्या महिन्यात बघू."

मावशींनी सातची दोरी धरली. मग डोळे पुसायला सोडली. मग पुन्हा धरली.

"मावशी, ओढू नका," ताई म्हणाली. "आधी तोंडाने म्हणून दाखवा. मी मोजत नाही, नुसती ऐकते."

"टिण टण ठण्ण," मावशी म्हणाल्या. "टिण टण ठण्ण."

ताई एकदम कपाळावर हात मारून उठली. "अरे देवा! मी गठ्ठे बांधले! निळे एकीकडे, पिवळे एकीकडे! मावशी, मी जेवणाचे मोजे केले!"

"कर मग सोडवासोडव. लेक वाट बघतेय माझी."

ताईने इनर खोडायला घेतलं. आतमध्ये आम्ही तिघे अजून मूळ चाराच्या मुद्द्यावरच होतो. मी माझ्याकडे वळून म्हणत होतो, "हे बघ, मूळ कोणी का असेना, आपण तिघं आता—"

ताईने आउटर लिहिलं.

माझ्या शेजारी सात आला. दुसऱ्या शेजारी नऊ. मी ओरडून बघितलं. पलीकडून कोणी तरी माझ्याच आवाजात काही म्हणालं, पण मधे नऊ आणि सात उभे होते, नीट ऐकू आलं नाही. मला माझा निरोपही घेता आला नाही.

टिण टण ठण्ण, टिण टण ठण्ण, टिण टण ठण्ण.

डबे उघडले. ड्रायव्हर हात झटकत उठला. साहेबांनी "मोकळ्या!" असं इतक्या मोठ्याने सांगितलं की हिशेबनिसांना पुन्हा शिंक आली. मावशी बसच्या पायरीवरून ताईला म्हणाल्या, "नात झाली तर तुझंच नाव ठेवते हो." ताई म्हणाली, "मुलगा झाला तर?" मावशी म्हणाल्या, "तरी तेच." पुढे नऊने सांगितलं, नातू झाला. सगळे त्याला ताई म्हणतात.

या गोष्टीला खूप वर्षं झाली. सुरुवातीला लोक पडद्याशी येऊन आमच्याकडे कौतुकाने बघत. आता फाईल कोणी उघडत नाही. काच धुळीने भरली आहे. बटणही आपोआप दाबलं जातं. आग लागलेली नाही, बाही अडकलेली नाही, त्यामुळे चार-चार-चार वाजण्याचाही प्रश्न आलेला नाही. मी रोज जेवणाच्या वेळी वाजतो, आणि जरा थांबून, पलीकडून मी वाजल्याचं ऐकतो, आणि मग आणखी पलीकडून. तो मीच असतो. बरा असेन, असं वाटतं.

मित्रांनो, काही वाढवायचं असेल तर किती वेळा एवढंच बघू नका. कोण कोणाच्या शेजारी येतो, तेही बघा. आणि पाचवा मोजा सापडला, तर त्याला परत खोक्यात टाकू नका.

एवढं बोलून मी माझा अर्ज इथेच जोडतो.

प्रति, मा. साहेब, मोज्यांचा कारखाना.
विषय : शेजारी बसू देण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती की, अर्जदार चार यांना वर्षातून निदान एका दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या वेळी, सात आणि नऊ यांना तात्पुरते बाजूला करून सलग बसू द्यावे. चार-चार-चार वाजल्याने सर्व कर्मचारी जेवण सोडून आत येतील व त्या दिवशी कोणीही जेवणार नाही, याची अर्जदारास पूर्ण कल्पना आहे. तरी आमचे एक वाक्य अर्धे राहिले असल्याने सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.

आपला नम्र,
चार

(सात व नऊ यांच्या पलीकडून) आपला नम्र,
चार

(आणखी पलीकडून) आपला नम्र,
चार