दोन बोटं कमी

मी झुलाल, धरणगावाशेजारच्या आमच्या गावच्या पंचांतला थोरला. डोकं माझं तापट आणि जिभेला हाड नाही, हे सगळ्यांना ठाऊक. पण एकदा दिलेला निवाडा मी कधी फिरवला नाही. त्याचा मला भारी ताठा होता.

मानमोडीची साथ आली त्याच्या आदल्या साली छगन आणि झुंबर यांची काडी मोडली. छगन तापीपलीकडचा, शिरपूरच्या बाजूचा. झुंबर आमच्या गावची लेक. तो बोलायचा कमी आणि मारायचा जास्त, म्हणून ती पोरीला कडेवर घेऊन माहेरी आली ती आलीच. पोरीचं नाव भिकी. आधीची दोन गेली, ही देवाकडे भीक मागून मिळालेली.

पोटगीचा हिशेब मीच केला. बाईचं पोट बाईनं भरायचं, पोरीचं बापानं, ही आमची रीत. मोठ्या माणसाला दिवसाला शेर ज्वारी, तर पोरीला अर्धा शेर. महिन्याचे पंधरा शेर, वर एक उंदीर-चिमण्यांचा, म्हणजे चार पायल्या. शिवाय दर आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, एक झगा.

"पण कुठवर?" छगननं विचारलं.

पोरीचा जन्म कुठं लिहिलेला नव्हता. मी म्हणालो, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? शाळेत मास्तर बघतात तसं बघायचं. उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागला की पोटगी बंद आणि पोर बापाची." सगळ्यांनी माना डोलावल्या. झुंबर तेवढी पोरीचा हात धरून बसली होती.

पोर तेव्हा पाचेक वर्षांची. त्या दिवशी तिचा हात कानाला दोन बोटं कमी पडला. पुढच्या आखाजीला छगन आला, पुन्हा दोन बोटं कमी. तिसऱ्या आखाजीलाही तेच.

"हाई पोर वाढत नई शे, आबा. हाई काय भानगड शे?" छगन म्हणाला.

"ज्वारी कमी घालत असशील!" मी त्याच्यावरच ओरडलो. पण मनात चरकलो.

चौथ्या साली त्यानं सुतळीला गाठ मारून तिची उंची मापून नेली. पाचव्या साली सुतळी लावली तर गाठ बरोब्बर टाळूवर. तिच्या बरोबरीच्या पोरी डोक्यावर घागरी आणू लागल्या, हिचे दुधाचे दातही पडले नव्हते. आमच्या घरच्या बायका तिला पाहून पदर सावरायच्या. मीही, खरं सांगतो, तिच्या दारावरून जाताना पाय उचलायचो. कारण ती पोर बोलायची मोठ्या बाईसारखी. पाच वर्षांच्या तोंडातून बारा वर्षांचं बोलणं ऐकलं की अंगावर काटा यायचा.

सातव्या आखाजीच्या सकाळी मी झुंबरच्या घरी गेलो. म्हटलं, "खरं सांग बाई, काय केलंस?"

ती रडायलाच लागली. "काहीच नई, आबा. रोज निजतांना तिना हात मुठमा धरस. सोडाले भ्याव वाटस. सोडा तर तिना बाप तिले लई जाई."

बाहेर निंबाला झोके बांधले होते, पोरी गाणी म्हणत होत्या. भिकी उंबऱ्यात उभी राहून बघत होती. झोक्याच्या दोराला तिचा हात पुरत नव्हता. ती वळून म्हणाली, "माय, माले मोठं व्हनं शे."

झुंबरनं डोळे पुसले.

दुपारी पंच बसले. छगननं पोरीचा हात डोक्यावरून नेला. दोन बोटं कमी. तो चिडून उठणार, तोच झुंबर पुढे आली. तिनं पोरीचा हात हातात घेतला, त्याचा मुका घेतला, डोक्यावर ठेवला आणि सोडून दिला.

हात सरकला. कानाला लागला, कानाखाली गेला, हनुवटीपाशी आला. झग्याची बाही चढत चढत दंडावर गेली, शिवण फाटल्याचा आवाज झाला. आमच्यापुढे बारा वर्षांची पोर उभी होती आणि आपल्याच हाताकडे बघत होती. एक म्हातारा पंच उठून घरी निघून गेला.

छगन तर भीतीनं पांढराफटक. तो माझ्याकडे बघत होता. त्याला पोर नको होती, मला स्वच्छ दिसत होतं. मी नुसतं "अट रद्द" म्हणालो असतो तर गडी एकटाच गाडी हाकत पळाला असता. झुंबरही माझ्याकडेच बघत होती.

आणि मी पागोटं सारखं केलं. म्हणालो, "हात लागला. पोर बापाची."

छगननं पोरीला गाडीत बसवलं, पण तिच्याकडे पाठ करून बसला. झुंबर शिवेपर्यंत गाडीमागं चालत गेली. परत आली ती सरळ माझ्यापुढे. वाटलं, आता शिव्या घालील, माती फेकील. मी तयार होतो.

"आबा, मोठी व्हयनी ती. उभी राहिनी ना, तर मन्हा खांदाले लागनी," ती म्हणाली, आणि वाकून माझ्या पाया पडली.