भरदुपारचं तारांगण

शिवगंगाला दिवस मावळला की दिसत नसे. ही गोष्ट ती आणि तिची आई सिद्धव्वा सोडून कुणालाच ठाऊक नव्हती, आणि डोक्यावर अक्षता पडेपर्यंत ती कुणाला कळू द्यायची नाही, असा सिद्धव्वाचा पक्का बेत होता. म्हणून चिटगुप्प्याच्या चन्नव्वाने "बोलणी पक्की करायला दुपारीच या, आमच्या मास्तराची शाळाबी बघा," असा निरोप पाठवला, तेव्हा सिद्धव्वाचा जीव भांड्यात पडला. लख्ख उन्हात मुलीचे डोळे कोण तपासतंय?

चन्नव्वाचा मुलगा सोमशेखर मास्तर, हाच नवरामुलगा. निजामाची राजवट जाऊन पाच वर्षं झाली होती, आणि शाळेच्या दोन रिकाम्या खोल्यांत या गड्याने आकाशाचं संग्रहालय मांडलं होतं. पहिल्या खोलीत भोपळ्याचा सूर्य, भोवती तारेला टांगलेले मातीचे ग्रह. शिवगंगाने शनीचं कडं पाहिलं, हळूच मास्तरांनाही पाहून घेतलं. माणूस आवडला. तिथेच पंचाईत झाली. आवडलेल्या माणसाला फसवायचं तिच्या जिवावर आलं.

"आता आत चला, तारांगण दाखवतो," म्हणत मास्तरांनी सगळ्यांना दुसऱ्या खोलीत नेलं. खिडक्यांना गोणपाट ठोकलेलं होतं. दार लागलं, आणि डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार झाला.

सिद्धव्वाची पाचावर धारण बसली. "अगं बाई, केवढ्या ह्या चांदण्या!" ती घाईघाईने म्हणाली. "आमच्या शिवगंगाला तर समद्या दिसायल्यात. व्हय की न्हाई गं?"

शिवगंगाने शपथ घ्यावी तसं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत घट्ट धरलं.

"न्हाई. मला काईच दिसंना. सांज झाली की मला दिसतच न्हाई. आम्ही तुमच्यापासून लपवलं."

सोयरीक मोडली तर मोडली. तिला एकदम हलकं वाटलं.

"मलाबी काई दिसंना," अंधारातून मास्तरांचा आवाज आला. "कंदील कुठं लावलाय अजून? काडेपेटी हुडकायलोय."

चन्नव्वा खो खो हसत सुटली. "सिद्धव्वाक्का, तुमाला बरं दिव्याबिगर चांदण्या दिसल्या!"

काडी पेटली. भोकं पाडलेल्या डब्यात कंदील गेला आणि चुन्याच्या छतावर ठिपके उमटले. शिवगंगाला त्यातले चार जाड ठिपके दिसले. तिने चारच सांगितले.

"माझ्या शाळेतल्या दोन पोरांचं असंच होतं," मास्तर म्हणाले. "बीदरच्या डॉक्टरानं औषध दिलं, पपई खायला लावली. आता दिवेलागणीनंतरबी पळत्यात."

"आन माझं बरं न्हाई झालं तर?" शिवगंगाने विचारलं. आता अर्धवट काही ठेवायचंच नव्हतं.

मास्तरांनी उत्तर द्यायच्या आत चन्नव्वाने चाचपडत तिचा हात धरला.

"तर सांजच्याला माझा हात धरून चल. सासू कशाला असती?"