वाग्देव महाराजांचा मध

ढोल घुमला, ताशा कडाडला आणि लांज्याच्या मंगल कार्यालयात पाचशे माणसं टाळ्यांच्या ठेक्यावर ओरडली, "बोला बोला, वाणी मोकळी!"

व्यासपीठावर वाग्देव महाराज डोळे मिटून उभे. पुढ्यात आमच्या गावचा गुरुप्रसाद, जीभ बाहेर काढून. महाराजांनी चांदीच्या चमच्याने त्याच्या जिभेवर वेखंड उगाळलेला मध ठेवला आणि पाठीवर थाप मारली.

"म्हण लेकरा, कोण तू?"

ढोलाच्या ठेक्यावर, सगळ्या सभागृहाबरोबर गुरुप्रसाद म्हणाला, "मी गुरुप्रसाद, मी निर्भय, मी बोलणार, जग ऐकणार!"

एकदाही अडखळला नाही. ज्या माणसाला स्वतःचं नाव सांगायला अर्धं मिनिट लागतं, तो घडाघडा बोलला. माझ्या शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोला, ज्ञानेश्वरीला, रडू आवरेना. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला.

पण मी पडलो निवृत्त विज्ञान शिक्षक. चमत्कार दिसला की मला एका जागी बसवत नाही. त्यात या चमत्कारावर आमच्या वाडीचं पाणी टांगलेलं होतं. गावच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, जांभा दगड कापायची नवी चिरेखाण निघणार होती आणि तिला ना-हरकत द्यायची की नाही, ते येत्या सोमवारी ग्रामसभेत ठरणार होतं. शेजारच्या गावात खाण सुरू झाल्यापासून आमची विहीर खाली चालली आहे, हे एकट्या गुरुप्रसादला पक्कं ठाऊक होतं. तो नळपाण्याचा कामगार. रोज सकाळी विहिरीत दोर सोडून पाणी मोजणारा आणि भिजल्या जागी खुणेची गाठ मारणारा. खाणवाल्यांच्या बाजूने बोलायला चार पट्टीचे वक्ते तयार होते. आमच्या बाजूने हा एक.

पाणी प्यायला म्हणून मी कार्यालयाच्या मागे गेलो. तिथे बेसिनच्या आरशासमोर वाग्देव महाराज उभे होते. पुढच्या फेरीला अवकाश होता.

"लेकरा, तुझ्या कंठात..." डोळे मिटले. "छे! लेकरा..." मोठा श्वास. "तुझ्या कंठात सरस्वती अडकली आहे!" हात वर. तेच वाक्य तीनदा. तिसऱ्यांदा आवाज नेमका हवा तिथे कापला, तेव्हा महाराज स्वतःवरच खूश होऊन हसले.

आणि पाच मिनिटांनी हाच माणूस व्यासपीठावरून गुरुप्रसादला बजावत होता, "सोमवारपर्यंत मौन! शब्द काढायचा नाही. सरावाने वाणी उष्टी होते."

म्हणजे महाराजांनी आरशासमोर घोटायचं आणि भक्तांनी तोंड शिवून बसायचं! माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

शनिवारपर्यंत मी रोज गुरुप्रसादच्या अंगणात खेपा घातल्या. तो पायरीवर बसून नुसता हसायचा आणि ओठांवर बोट ठेवायचा. दिवस भराभर सरत होते. शनिवारी मी चिडून ज्ञानेश्वरीला म्हटलं, "उद्याचा एक दिवस राहिला. हा बोलणार कसा?"

"बोलतील, गुरुजी. तुमी पायलात ना, कसे बोलले ते?" मग हळूच म्हणाली, "पन एक सांगू? गनपतीत घरोघरी आरत्यांना जातात, तवा पन ते कदी अडकत नाय. तितं कुटं मध असतो?"

मी कपाळावर हात मारून घेतला. चाळीस वर्षं त्याच आरत्यांत मी त्याच्या शेजारी उभा राहिलो होतो, आणि हे तिला सांगावं लागलं!

"गुरुप्रसाद, एवढं एकदा मौन मोड. पाप माझ्या माथी," मी म्हटलं आणि त्यांच्या मुलीचं भूगोलाचं पुस्तक उघडलं. "माझ्याबरोबर वाच."

त्याने घाबरत घाबरत तोंड उघडलं. दोघांनी मिळून पहिला परिच्छेद वाचला. मध नाही, ढोल नाही, महाराज नाहीत, आणि तो कुठेही अडला नाही. त्याचे डोळे चमकले. दुसऱ्या परिच्छेदात, वाक्याच्या मध्यावर, मी गप्प झालो.

"न-न-न-नदीच्या..." तो तिथेच रुतला.

"कळलं? दुसऱ्याच्या आवाजात आवाज मिळवला किंवा ठेका धरला, की अडखळणाऱ्या बहुतेकांची वाणी तेवढ्यापुरती मोकळी होते. वाचा-उपचार करणाऱ्या कुणालाही विचार. महाराज पाचशे माणसं तुझ्याबरोबर बोलायला लावतात. मध नुसता दाखवायला."

"म-म्हंजे मी ब-बरा झालोच नाय?" त्याचा चेहरा असा पडला की मला स्वतःचीच लाज वाटली. मग तो उठला, आत गेला आणि विहिरीचा दोर घेऊन बाहेर आला. "च-चला. शिकवा."

रविवारचा अख्खा दिवस आम्ही अंगणात घालवला. पहिलं वाक्य पाठ. शब्द अडला तर श्वास सोडायचा, झटापट करायची नाही. आणि अडखळणं लपवायचं नाही, सुरुवातीलाच सांगून टाकायचं.

सोमवारी चौघा वक्त्यांनी विकासाच्या नावाने सभा डोक्यावर घेतली. मग गुरुप्रसाद उभा राहिला. "मी अ-अडकतो. थ-थांबावं लागेल."

दुसऱ्याच वाक्याला तो अडला. सभेत चुळबुळ सुरू झाली. मागून भागोजीने, अगदी मायेने, टाळ्यांचा ठेका धरला, "बोला बोला, वाणी मोकळी!" दहा-बारा जण त्यात मिसळले.

गुरुप्रसादने हात वर केला. "न-नको, भागोजीदादा. त्या ठ-ठेक्यावर मी तुमचाच बोलतो. मला व-विहिरीचा बोलायचा हाय." मग लांज्याचा सगळा प्रकार त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितला. त्याचा चमत्कार ऐकून आपल्या अडखळणाऱ्या पोरांना महाराजांकडे न्यायला गाडी ठरवणारे मान खाली घालून बसले.

त्याने दोर उलगडून सभेत आडवा धरला. "द-दोन वर्सांमागं, शेजारची खान नव्हती तवा, ह्याच मार्चात दोर हितपर्यंत भिजायचा. आज स-सकाळी हितं." दोन गाठींमध्ये पुरुषभर अंतर होतं. "क-कुनाला खोटा वाटत असेल तर आता च-चला. मोजू."

पाच मिनिटांचं बोलणं, त्याला वीस मिनिटं लागली. एकही माणूस उठून गेला नाही. ठराव हात वर करून नामंजूर झाला.

वाग्देव महाराज अजून जोरात आहेत, पुढचं शिबिर मंडणगडला आहे म्हणतात. तुमचं पोर अडखळत असेल तर त्याला तिकडे नेऊ नका. जाणत्या उपचारकाकडे न्या, रोज चार माणसांसमोर बोलू द्या. आणि त्याआधी एक करा. त्याचं वाक्य संपेपर्यंत गप्प बसून ऐका. सोपं नाही ते. गुरुप्रसाद सातवीत माझ्याच वर्गात होता. उत्तर द्यायला तो उभा राहिला की पहिल्याच अक्षराला मी म्हणायचो, "राहू दे, बस खाली."