फाटक्या रेघेचा राजद्रोह

माणूस खोटं बोलेल, त्याचं अक्षर कधी खोटं बोलणार नाही, असं मामलेदार तान यांचं ठाम मत होतं. स्वतःची पत्रं मात्र ते कारकुनाकडून लिहून घेत.

राजधानीतून हद्दपार होऊन तान यांच्या गावी आलेल्या कविराज फेई यांचं एक पत्र वेशीवर पकडलं गेलं होतं. डोंगरावरच्या विहारातल्या भिक्खूंना लिहिलेलं. पाच दिवस तान यांनी ते उन्हात धरलं, धुरावर धरलं, उलटं टांगलं. अक्षरं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. एक रेघ तर वरून सुटली ती थेट तळाशी थांबली, आणि वाटेत शाई फाटून मधे पांढरं दिसत होतं.

"ही तलवार आहे," तान म्हणाले.

"वाचता आलं का, साहेब?" कारकून म्याओने विचारलं.

"वाचायचं काय त्यात? राग बघ की. उठावाचा निरोप आहे हा."

"नसला तर राजधानीत हसं होईल आपलं."

"आणि असूनही मी सोडला, तर दक्षिणेच्या हिवतापात रवानगी होईल माझी. हसं परवडलं."

राजधानीला खबर न्यायला दारात टपालाचा घोडा खोगीर चढवून उभा होता. फेईंना बोलावलं. पण त्यांच्या वाचण्यावर कोण विश्वास ठेवणार? तान यांनी सरकारी कुंचला पुढे केला. "तेच पत्र पुन्हा लिहा."

फेईंनी लिहिलं. अक्षर गोल, भरीव, लग्नपत्रिकेवर शोभावं असं.

"बघितलंस?" तान पुटपुटले. "माझ्यापुढे आल्यावर साधू झाला."

म्याओने जुन्या पत्रासमोर हवेत बोट धरलं आणि कुंचला जसा फिरला असेल तसं फिरवलं. मग नव्यासमोर. बोट दोन्हीकडे तसंच वळलं, तसंच थबकलं.

"शब्द तेच आहेत, साहेब. 'भन्ते, कुंचल्याचे केस गळले. चार उरलेत, तेही चार दिशांना तोंड करून. सशाच्या केसांचा एखादा जुना असेल तर पाठवा.'"

तान यांनी त्या तलवारीसारख्या रेघेवर बोट ठेवलं. "मग हा राग?"

"टक्कल आहे, साहेब," फेई म्हणाले.

घोड्याचं खोगीर उतरवलं गेलं. फेई मात्र उंबऱ्याशी घुटमळत राहिले. तान यांचे डोळे पुन्हा बारीक झाले. "आता काय?"

"हा कुंचला नेऊ का?"