त्या कार्डावर दोराही नाही

डेपोत त्याला सगळे 'सावकाश' म्हणायचे. सिग्नलचा पिवळा दिवा दिसला की बाकीचे ड्रायव्हर बस दामटायचे, हा ब्रेकवर पाय ठेवायचा. नावाचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. त्याची बायको मात्र वाऱ्यासारखी. सोफ्या-खुर्च्यांची जुनी कापडं उसवून नवी चढवायचं तिचं दुकान होतं, राहत्या घराच्या खालीच. तोंडात खिळे धरून ती हातोडी चालवायला लागली की तिच्याशी बोलायची सोय नसायची.

त्या दुकानाला एकदा मोठं काम मिळालं. एका चित्रपटगृहाच्या सगळ्या खुर्च्या नव्याने मढवायच्या होत्या. मालकाने थोडी आगाऊ रक्कम हातावर टेकवली आणि बाकीचे पैसे काम झाल्यावर देतो म्हणाला. मरून मखमलीचे तागे, फोम, खिळे, शिवाय एक दणकट शिलाई मशीन, सगळं तिने क्रेडिट कार्डावर घेतलं. एक कार्ड भरलं तेव्हा दुसरं काढलं, मग तिसरं. निम्म्या खुर्च्या झाल्या आणि एका सकाळी चित्रपटगृहाला टाळं लागलेलं दिसलं. मालकाने हात वर केले होते. फोन लागेना, माणूस सापडेना. दुकानात उरली ती छताला टेकलेली मखमल.

पुढचं वर्षभर दोघं दर महिन्याला तिन्ही कार्डांची किमान रक्कम भरत राहिले. पुढच्या महिन्यात बघावं तर कर्ज जिथल्या तिथं. इंजिन घरघरतंय, डिझेल जळतंय, पण गिअरच पडलेला नाही, अशी गत. सावकाशची झोप उडाली.

शेवटी एका रविवारी धाकट्या भावाच्या घरी जेवताना त्याने सगळं बोलून टाकलं. भावाने मागचा-पुढचा विचार केला नाही.

"दादा, मी फेडून टाकतो सगळं. माझे तू सवडीने दे."

सावकाशचा जीव भांड्यात पडला. तो हो म्हणणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "भाऊजी, तुमचं मन मोठं आहे. पण नको."

परतीच्या वाटेवर तो फुरंगटून चालत होता. "चालून आलेलं नाकारलंस. व्याज तरी मागणार होता का तो?"

"व्याज नसतं मागितलं हो," ती म्हणाली, "पण त्यांच्याकडे जेवायला बसलो की ते पैसे आपल्या ताटात वाढलेले दिसले असते. आज गाडी हळू चालव म्हणून तुम्ही त्यांना दटावता. पैसे घेतल्यावर दटावाल?"

दटावता आलं नसतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी धाकटी जाऊ दुकानात आली. एका शाळेचे हिशेब बघायची ती. मोडक्या आरामखुर्चीत बसत म्हणाली, "ताई, पैसे नकोत म्हणालात ते बरंच केलंत. पण व्याज कशाला भरत बसताय? बॅलन्स ट्रान्सफर करा की."

"म्हणजे?"

"दुसरी बँक नवं कार्ड देते. जुन्या कार्डांवरची बाकी त्याच्यावर नेते आणि दीड वर्ष त्यावर व्याज घेत नाही. सुरुवातीला थोडं शुल्क कापते, तेवढंच. तुम्ही भरलेला पैसा मग मुद्दलातच जातो."

"बँकेला एवढा पुळका कशाचा?" सावकाशने दारातून विचारलं.

जाऊ हसली. "तुम्ही चुकाल, यावर त्यांचा भरवसा असतो. एक हप्ता चुकला की सवलत गेली. त्याच कार्डावर नवी खरेदी केली की तिला व्याज. आणि दीड वर्षाने जी बाकी उरेल तिला पहिल्यासारखंच व्याज. न चुकणाऱ्याचं मात्र भलं होतं."

बायकोने तोंडातले खिळे हातावर काढून घेतले. "मग आपण चुकायचं नाही," ती म्हणाली.

नवं कार्ड आलं, पण त्याची मर्यादा मागितल्यापेक्षा कमी. तिन्ही कार्डांची बाकी त्यात मावेना. सावकाशचा चेहरा पडला. तिने मात्र सगळ्यात जास्त व्याज खाणारी दोन कार्डं निवडली, त्यांची बाकी नव्यावर नेली आणि ती दोन्ही बंद करायला लावली. तिसऱ्याचे हप्ते वेगळे चालू ठेवले. मग फोम कापायच्या भल्यामोठ्या कात्रीने जुन्या तिन्ही कार्डांचे तुकडे केले. नवं कार्ड तिने कपाटात टाकलं आणि त्याचा हप्ता खात्यातून आपोआप जाईल अशी व्यवस्था केली.

पहिले काही महिने सुरळीत गेले. कर्ज खरंच खाली सरकायला लागलं. थांबा आला की मागच्या आरशात बघावं, तसं तो मनातल्या मनात आकड्याकडे बघायचा. आणि मग शिलाई मशीनची मोटर जळाली.

"नव्या कार्डावर आता थोडी जागा झालीय," तो चाचरत म्हणाला. "मोटरपुरतेच..."

"त्या कार्डावर दोराही घ्यायचा नाही," ती म्हणाली.

तिने जाड कापड टाचायची वाकडी सुई काढली आणि हाताने शिवायला बसली. बोटं सुजली, करंगळी तर वाकेना. तो डेपोतून आला की कापड ताणून धरायला बसायचा. चित्रपटगृहाची मखमलही तिने कामाला लावली. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या स्वस्तात मढवून मिळतील, रंग मात्र एकच, अशी पाटी लिहिली. बघता बघता गल्लीत मरून रंगाची साथ पसरली. डॉक्टरांच्या बाहेरचं बाकडं मरून झालं. न्हाव्याची खुर्ची मरून झाली. दूधवाल्याने स्कूटरची सीटसुद्धा मढवून घेतली. शेजारीण म्हणाली, "आता कोणाच्याही घरी गेलं की पडदा कधी वर जातोय असं वाटतं." मखमल संपली तेव्हा मोटर रोखीने दुरुस्त झाली होती.

पुढे एक धक्का बसला. डेपोत पगार लांबला. हप्त्याची तारीख तोंडावर आलेली. फेरीच्या मधल्या सुट्टीत सावकाशने घरी फोन लावला.

"अगं, पगार आला नाही. हप्ता जाणार नाही. सगळी सवलत गेली बघ."

"एक हप्ता मी सुरुवातीपासूनच खात्यात जादाचा ठेवलाय," पलीकडून ती म्हणाली. मागे हातोडीचे ठोके चालूच होते. "पगाराच्या भरवशावर कोण बसतं? जेवलात का?"

फोन खिशात ठेवून तो स्टिअरिंगमागे जाऊन बसला. इतकी वर्षं तो स्वतःला सावध माणूस समजत होता. आणि ही घाईची, धांदलीची बाई त्याच्याही चार पावलं पुढचं बघून बसली होती. त्या दुपारची फेरी त्याने अशी चालवली, जणू मागच्या सीटवर कोणी पाहुणे बसलेत.

सवलतीची मुदत संपायच्या आतच नव्या कार्डाची बाकी शून्यावर आली. तिसरं कार्ड त्याआधीच फिटलं होतं. आठवड्याभरात बँकेतून एका मुलीचा फोन आला. व्यवहार इतका चोख आहे, मर्यादा दुप्पट करून देऊ का?

"नको गं," बायको म्हणाली. "आहे तीच कपाटात झोपलीय." फोन ठेवून ती खाली गेली आणि कुणाच्या तरी दिवाणाच्या स्प्रिंगा आवळायला लागली. जणू काही झालंच नव्हतं.

पण सावकाशला राहवेना. दुसऱ्या दिवशी डेपोच्या खोलीत चहा पिताना तो एकदम उभा राहिला.

"माझ्या डोक्यावर कर्ज होतं," तो मोठ्याने म्हणाला. "तीन कार्डांचं. बायकोने फेडलं. कोणापुढे हात न पसरता, एकही हप्ता न चुकवता."

सगळ्यांनी वळून बघितलं. एरवी त्याच्या तोंडून वेळापत्रकापलीकडे शब्द फुटत नसे.

एकजण म्हणाला, "असल्या गोष्टी चारचौघांत सांगतात का रे?"

"कर्ज झालं तेव्हा नाही सांगितलं," सावकाश म्हणाला. "लाज वाटायची. आता का नको सांगू? तिने वाकड्या सुईने फेडलंय ते. तुम्ही बसता ना न्हाव्याकडे त्या मरून खुर्चीत? ती तिचीच."

कोणी हसलं, कोणी पाठीवर थाप मारली. तो खाली बसला. कान तापले होते, पण ऊर भरून आला होता.

तो बसकडे निघाला, तेव्हा लांबच्या मार्गावरचा एक दांडगा ड्रायव्हर मागून आला. सगळ्यांत मोठ्याने हसणारा, सगळ्यांना चहा पाजणारा. आता मात्र खालच्या आवाजात म्हणाला, "वहिनी दुकानात कधी भेटतील रे?"

सावकाशने त्याच्याकडे बघितलं. किती कार्डं, हे विचारलं नाही.

"रविवारी सकाळी ये," तो म्हणाला. "तोंडात खिळे असतील, पण थांब. ते काढून बोलेल ती तुझ्याशी."