पिवळी ओळ पुसली गेली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना मॅक्रो आहे. घाबरू नका, हा कुठला किडा नव्हे. संगणकाला एकदा शिकवून ठेवलेले काम म्हणजे मॅक्रो; बटण दाबले की ते आपोआप होते. माझे काम एवढेच की तक्त्यातली एक ओळ फिकट निळी करायची, पुढची कोरी सोडायची आणि असे खालपर्यंत जायचे.

इंडोनेशियातल्या मादिउन शहरातल्या एका शाळेत माझा जन्म झाला. तिथल्या कारकून सुलास्त्रीबाईंना सगळे मानाने 'बू' म्हणत. मुलांच्या जेवणाची यादी छापून त्या स्वयंपाकघरात पाठवत. यादी लांबरुंद, त्यामुळे वाढताना नजर घसरायची आणि एकाचे अंडे दुसऱ्याच्या ताटात जायचे. बू वैतागल्या आणि त्यांनी मला घडवले. पहिली पट्ट्यांची यादी पाहून स्वयंपाकीण जुमिरा म्हणाली, "आता कसं! डोळ्यांना वाट सापडली." त्या कौतुकावर मी कितीतरी वर्षे जगलो.

तरी एक भीती माझी पाठ सोडत नसे. मी सरसकट रंगवतो. आधी तिथे कोणता रंग होता ते पाहत नाही, आणि एकदा चाललो की केलेले मागे घेता येत नाही. त्या यादीत लहानग्या लारसची ओळ होती. शेंगदाण्याचा कण जरी पोटात गेला तरी तिचा घसा सुजायचा. आणि आमच्याकडे दर शुक्रवारी पेचेल, म्हणजे उकडलेल्या भाज्या आणि वर शेंगदाण्याची दाट, तिखट चटणी! म्हणून बू आधी मला चालवत आणि मग लारसची ओळ हाताने पिवळी करत. पिवळी ओळ म्हणजे चटणी नाही, हे बूंना ठाऊक होते, जुमिराला ठाऊक होते. लिहिलेले मात्र कुठेच नव्हते.

एका शुक्रवारी बू शेजारच्या लग्नघरी हातभार लावायला गेल्या. त्यांच्या जागी नवी मुलगी तियास बसली. तिने यादीत एक नाव घातले, पट्टे बिघडले, म्हणून माझे बटण दाबले. मी धावलो. थांबणे मला शिकवलेलेच नाही.

"अगंबाई, ती पिवळी ओळ कुठं गेली?" तियास पुटपुटली. पण लग्नघरी फोन करून मोठ्यांना कसे विचारायचे? तिने यादी तशीच छापून स्वयंपाकघरात पाठवली.

ऑफिसची खिडकी भोजनघरात उघडते. जुमिराचे बोल मला ऐकू आले. "लारस बरी झाली वाटतं. ऑफिसला उलट विचारणं काही बरं दिसत नाही बाई." तिने चटणी वाढली. मोठ्यांनी वाढलेले नाकारायचे नाही, हे वळण लारसलाही होते. माझा जीव टांगणीला लागला. ओरडावेसे वाटत होते, पण मला रंगवण्याखेरीज काहीच येत नाही.

तेवढ्यात लग्नाच्या जेवणाचा डबा घेऊन बू आल्या. "घे गं, गरम आहे तोवर..." म्हणता म्हणता त्यांनी संगणकाच्या पडद्याकडे पाहिले. "पिवळी ओळ कुठाय?"

"मी विचारणारच होते, बू..."

हळू बोलणाऱ्या बू खिडकीतून किंचाळल्या, "लारस, थुंक! तोंडातलं आधी थुंक!"

एक घास पोटात गेला होता. तिचे ओठ सुजू लागले. बूंनी जुमिराला मागे घेतले आणि तिला मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेले. इकडे पडदा उघडाच राहिला आणि लारसची ती निळी झालेली ओळ दुपारभर माझ्यासमोर होती. संध्याकाळी बू परतल्या, खुर्चीत बसल्या आणि रडल्या. "वाचली गं," त्या तियासला म्हणाल्या.

त्यांनी मला काढून टाकले नाही. यादीत नवा रकाना घातला आणि लारसच्या नावापुढे अक्षरांत लिहिले, 'शेंगदाणे नकोत'. अक्षरे मी पुसत नाही. तरीही बटणावर बोट आले की माझ्या छातीत धस्स होते.

मित्रांनो, जिवाची गोष्ट रंगावर सोडू नका, शब्दांत लिहा. आणि काही खटकले तर, समोर कितीही मोठे माणूस असो, विचारा. त्या दिवशी त्या खोल्यांत मुका फक्त मी होतो.